कापडी पतंगाची शिवण सुरकुतते, फाटते आणि पतंग झुकतो: घरच्या मशीनवर काय बदलायचं

प्रश्न: संक्रांतीसाठी घरी डेल्टा, म्हणजे त्रिकोणी पतंग शिवला, दीड मीटर पंखांचा. कापड ‘पॅराशूट’ म्हणून मिळालं ते. मशीन पायाचं, फक्त सरळ टीप मारणारं. पुढच्या दोन्ही कडा सुरकुतल्या. दुपारी नाशिकच्या गंगापूर धरणाच्या बाजूला उडवायला नेला तर मधली शिवण टाक्यांच्या रेषेवरच फाटली. त्याआधीही पतंग सारखा डावीकडे झुकत होता. आता टाके आणखी बारीक घेऊ का? दुहेरी दोरा घालू का?

उत्तर:

ताई, टाके बारीक करू नका, आणि दुहेरी दोरा तर मुळीच नको. ब्लाउज शिवताना बारीक टाका म्हणजे पक्की शिवण, हे बरोबर आहे. सुती कापडाचे धागे सुईला वाट देऊन बाजूला सरकतात आणि नंतर परत जवळ येतात. पॅराशूट कापडाची वीण घट्ट असते आणि वर लेप असतो. तिथे सुई धागे सरकवत नाही, भोक पाडते, आणि पडलेलं भोक बुजत नाही. तुमच्या पतंगाची पुढची कड साधारण १०६ सेंटिमीटर भरेल. दीड मिलिमीटरच्या टाक्याने तिच्यावर सातशेच्या वर भोकं पडतात, साडेतीन मिलिमीटरच्या टाक्याने तीनशे. सातशे भोकांची रेष म्हणजे टपाल तिकिटाची कड, ओढ बसली की तिथूनच सुटणार. शिवण उसवली नाही, कापडच टाक्यांच्या रेषेवर फाटलं, असं तुम्ही लिहिलं आहे. म्हणजे दोरा टिकला आणि कापड हरलं. दोरा दुप्पट केला तर कापड आणखी लवकर हरेल.

तेव्हा भोकं कमी आणि लहान पाडायची, ओढ एका रेषेवर न ठेवता पसरवायची, आणि कापड मशीनखाली जाण्याआधीच गोंदाने जागेवर धरायचं. सुरकुत्या आणि झुकणं यांची कारणंही बरीचशी यातच आहेत.

आधी कापड कोणतं ते पाहू

‘पॅराशूट’ या नावाखाली दुकानात तीन-चार जातींचं कापड खपतं. त्यातलं पतंगाला योग्य ते रिपस्टॉप: उजेडात धरलं की चार-पाच मिलिमीटरचे बारीक चौकोन दिसतात, कारण ठरावीक अंतरावर जाड धागा विणलेला असतो. फाटायला लागलं तर फाट त्या धाग्याशी अडते. छत्रीचं किंवा रेनकोटचं साधं कापड फाटलं की सरळ पुढे जातं.

वजन मोजायला ५० बाय ५० सेंटिमीटरचा तुकडा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा आणि आलेल्या ग्रॅमना चारने गुणा. चौरस मीटरला ३० ते ४५ ग्रॅम असेल तर उत्तम. छत्रीचं कापड ६०-७० च्या घरात जातं. तुमच्या पतंगाचं क्षेत्रफळ अर्ध्या चौरस मीटरहून थोडं जास्त आहे, म्हणजे हलकं कापड घेतलं तर साधारण २२ ग्रॅम आणि जड घेतलं तर ४० च्या आसपास. जून-जुलैच्या पश्चिमेच्या वाऱ्यात हा फरक जाणवणार नाही. जानेवारीत नाशिकला सकाळी पान हलत नाही आणि दुपारी जेमतेम वारा सुटतो, तेव्हा मात्र तोच फरक पतंग जमिनीवर ठेवतो. म्हणून संक्रांतीच्या पतंगाला शिवणीही कमी आणि हलक्याच हव्यात.

आणखी दोन तपासण्या दुकानातच होतात. कापड तोंडाला लावून फुंका, हवा आरपार जाता कामा नये. मग उभ्या धाग्यात, आडव्या धाग्यात आणि तिरकं असं तीन दिशांनी ओढून बघा. तिरकं प्रत्येक कापड ताणतं, पण ओढ सोडल्यावर ते मूळ मापाला परत आलं पाहिजे. पॉलिस्टर नायलॉनपेक्षा कमी ताणतं आणि ओलं झालं तरी माप धरून राहतं. नायलॉन पाणी धरतं आणि सैल पडतं. कोरड्या हवेत दोन्ही चालतात.

सुई, दोरा, ताण

पायाच्या मशीनला बहुधा १६ नंबरची सुई बसवलेली असते, कारण त्याच मशीनवर जीन्सचे पाय आखूड करायचे असतात. ती काढून ११ नंबरची लावा. ११ नंबर म्हणजे पाऊण मिलिमीटर जाडी, १६ नंबर म्हणजे एक मिलिमीटर. ऐकायला फरक पाव मिलिमीटरचा, पण भोकाचं क्षेत्रफळ पावणेदोन पट होतं. छत्रीच्या कापडाला आणि ठिगळाच्या जागी चार-पाच थर येतात तिथे १४ नंबर घ्या. विणलेल्या टी-शर्टसाठी गोल टोकाची सुई मिळते, ती इथे उपयोगाची नाही. सुई बोथट झालेली या कापडावर लगेच ऐकू येते: टाक्यागणिक ‘टक्’ होतं आणि भोकाच्या बाजूला ओढलेल्या धाग्याची आडवी रेघ उमटते. एका पतंगाला एक नवी सुई, असाच हिशेब धरा.

दोरा शंभर टक्के पॉलिस्टर हवा, वर आणि बॉबिनमध्ये तोच. रिळावर १२० नंबर असेल तर या कापडाला बरोबर बसतो. नंबर जितका लहान तितका दोरा जाड, त्यामुळे ८० च्या खाली जाऊ नका. सुती दोरा ओल आणि उन्हाने कुजतो. भरतकामाचा चमकदार रेयॉनचा दोरा दिसतो सुंदर, पण ओला झाला की ताकद सोडतो.

बॉबिन हळू भरा. हे कुणी सांगत नाही, आणि सुरकुत्यांचं अर्धं कारण इथे असतं. भरभर पाय मारून बॉबिन भरली की पॉलिस्टरचा दोरा ताणलेल्या अवस्थेत गुंडाळला जातो. टीप पडल्यावर तो मूळ लांबीला येतो आणि कापडाला चुणी पाडतो. तुमची शिवण मशीनखालून सपाट निघाली आणि तासाभराने सुरकुतलेली दिसली असेल, तर दोष बॉबिनचाच.

बॉबिन केसचा ताण बघायला केस दोऱ्यावर लोंबकळत धरा आणि हाताला हलका झटका द्या. केस दोन-तीन सेंटिमीटर खाली येऊन थांबली पाहिजे. सुसाट खाली गेली तर सैल, हललीच नाही तर घट्ट. केसचा स्क्रू एका वेळी आठवा भाग फेरा एवढाच फिरवा. मग वरचा ताण नेहमीपेक्षा सैल करत आणा, इतका की दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या आत बसेल. खालच्या बाजूला बॉबिनचा दोरा सरळ तारेसारखा पडलेला आणि वरच्या दोऱ्याचे फास दिसले तर वरचा ताण फारच कमी झाला. वर बॉबिनचे ठिपके दिसले तर अजून जास्त आहे. कापड दाबणारा फूट ज्या दांडीवर असतो तिच्या डोक्यावरचा स्क्रू एक-दोन फेरे सैल करा. दाब जास्त असला की खालून कापड सरकवणारे दाते खालचा थर ओढतात, वरचा मागे राहतो, आणि लेपावर दात्यांच्या खुणाही उमटतात.

टाक्याची लांबी ३ ते ३.५ मिलिमीटर. जुन्या मशीनवर पट्टीवरचे आकडे मिलिमीटरच असतील असं नाही, काहींवर इंचाला टाके असा हिशेब असतो. आकड्याकडे न बघता दहा टाके मारा आणि मोजा. ३० ते ३५ मिलिमीटर भरले की ठीक. झिगझॅग असलेलं मशीन कुणाचं मिळालं तर पॅनेल जोडायला आणि मागच्या कडेला ते चांगलं: रुंदी ३-४ मिलिमीटर, लांबी ३. तिरका टाका कापडाबरोबर थोडा ताणतो आणि भोकं एका रेषेत येत नाहीत. पण सरळ टिपेवरही उत्तम पतंग होतो, त्यासाठी नवं मशीन घ्यायची गरज नाही.

पतंगाला हात लावण्याआधी दहा सेंटिमीटरचे दोन तुकडे जोडून शिवणीच्या आडवे जोरात ओढा, तुटेपर्यंत. कापड भोकांच्या रेषेवर फाटलं तर सुई जाड आहे किंवा टाका आखूड. दोरा तट्कन तुटला तर दोरा कच्चा आहे किंवा ताण जास्त. दोरा-कापड दोन्ही शाबूत राहून भोकं लांबट झाली आणि कडेचे धागे निसटायला लागले तर माया, म्हणजे शिवणीबाहेरची कड, कमी ठेवली आहे. उत्तम शिवणीत कापड शिवणीपासून दूर, भलत्याच जागी फाटतं. तुमच्या पहिल्या पतंगाच्या उरलेल्या कापडावर हा प्रयोग आजच करून बघा.

कापणं

कात्रीने कापलेली कड सुटते, म्हणून लोक दुहेरी दुमड घालतात आणि वजन व जाडी वाढवून बसतात. २५ वॅटचं साधं सोल्डरिंग आयर्न घ्या, टोक कानशीने घासून चपटं-टोकदार करा, खाली गुळगुळीत टाइल किंवा जाड काच, वर स्टीलची पट्टी. टोक पट्टीला लावून एका गतीने ओढलं की कापड कापलंही जातं आणि कडही वितळून बंद होते. हात रेंगाळला तर कडेला जाड, पिवळट गाठी येतात, त्या नंतर सुईला अडतात. हात फार चालला तर मध्येच धागे राहतात. खिडकी उघडी ठेवा, धूर चांगला नसतो. लहान मुलांच्या हातात हे काम देऊ नका.

दोन्ही पंख एकावर एक ठेवून एकदमच कापा. वितळलेल्या कडा हलक्या चिकटतात, अलगद सोडवल्या की सुटतात. दोन वेगवेगळे आखून कापलेले पंख दोन-तीन मिलिमीटरने तरी चुकतातच, आणि तुमच्या डावीकडे झुकण्याची सुरुवात तिथूनही झाली असू शकते. खुणा फिक्या कापडावर मऊ पेन्सिलीने, गडद कापडावर साबणाच्या चिपेने. बॉलपेनची शाई लेपात मुरते आणि आकाशात उजेडाविरुद्ध स्पष्ट दिसते.

आता धाग्याची दिशा. पंख म्हणजे काटकोन त्रिकोण: कण्याची, म्हणजे मधल्या काठीकडची, बाजू ७५, मागची कड ७५, आणि या दोघींना जोडणारी पुढची कड १०६ सेंटिमीटर. कण्याची बाजू उभ्या धाग्यात आणि मागची कड आडव्या धाग्यात ठेवा. मागच्या कडेला काठीचा आधार नसतो. ती तिरक्या वीणीत आली तर दोन-चार वेळा उडवल्यावर झालरीसारखी लोंबते आणि फडफडते. पण मग पुढची कड बरोबर ४५ अंशात, म्हणजे कापडाच्या सगळ्यात ताणणाऱ्या दिशेत येते. तुमच्या पुढच्या कडा सुरकुतल्या त्या यामुळे. ताणणारी कड दुमडून तिचाच नेफा केला की दुमडीचा वरचा आणि खालचा पदर वेगवेगळा ताणतो आणि शिवण पिळवटते. मशीन कितीही बसवलं तरी हे जाणार नाही.

पुढच्या कडेचा नेफा

उपाय म्हणजे ती कड दुमडायचीच नाही. सरळ धाग्यातली वेगळी पट्टी कापायची आणि तिच्यात पंखाची कड बसवायची. पायपिन लावतात तसंच, फक्त तिरक्या कापलेल्या क्रॉस पट्टीऐवजी सरळ. सरळ पट्टी ताणत नाही, म्हणून पंखाच्या तिरक्या कडेलाही ती ताणू देत नाही. चांगल्या कागदी पतंगाच्या कडेच्या दुमडीत दोरा घातलेला असतो, त्याचं कामही हेच.

नेफा किती रुंद हवा, हे काठीवरून ठरतं. काठीच्या व्यासाला १.५७ ने गुणा आणि वर ५ मिलिमीटर सैलपणा धरा. ६ मिलिमीटरच्या गोल कामटीला ९.४ अधिक ५, म्हणजे सुमारे १५ मिलिमीटर मोकळी जागा. यापेक्षा तंग केला तर काठी घालताना शिवणीवर जोर येतो, फार सैल केला तर काठी आत फिरते आणि कड वाऱ्यात वळते.

पट्टी ४६ मिलिमीटर रुंद, कडेपेक्षा तीन-चार सेंटिमीटर लांब. लांबीत दुमडा, पण अगदी मधोमध नको: खालचा पदर वरच्यापेक्षा एक मिलिमीटर बाहेर राहू द्या, म्हणजे वरून टीप मारताना खालचा पदर सुटत नाही. दुमडीवर नख फिरवा. इस्त्री फिरवायची तर तुकड्यावर आधी बघा, गरम इस्त्रीने लेप चिकटतो. पंखाची कड पट्टीच्या आत ८ मिलिमीटर सरकवा आणि गोंदकांडीने, म्हणजे फेविस्टिक वगैरे असते तिने, दोन्ही बाजूंनी चिकटवा. हे काम सपाट टेबलावर किंवा फरशीवर. कापड ताणायचं नाही, नुसतं पसरायचं. गोंद वाळायला दहा मिनिटं द्या, ओल्या गोंदातून सुई गेली की ती चिकट होते आणि टाके सुटतात. चिकट झालीच तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. टाचण्या लावू नका, त्यांचीही भोकं कायमची.

मग दोन टिपा: पहिली पट्टीच्या कडेपासून २ मिलिमीटरवर, दुसरी ६ मिलिमीटरवर. दुसरी टीप पंखाच्या कडेच्या २ मिलिमीटर आत पडते. दोन्ही टिपांमध्ये ओढ वाटली जाते आणि काठीला १७ मिलिमीटर जागा उरते. आडवी काठी जिथे पुढच्या काठीला जोडायची तिथे पट्टीत चार सेंटिमीटरची फट ठेवा, म्हणजे पट्टीचे दोन तुकडे करून लावा. फटीच्या दोन्ही टोकांना ओढ जास्त येते, तिथलं ठिगळ पुढे सांगतो.

सुरुवात करताना वरच्या आणि खालच्या दोऱ्याची टोकं फुटाच्या मागे धरून ठेवा, दोन-तीन टाके पडेपर्यंत. नाहीतर पातळ कापड सुईबरोबर प्लेटच्या भोकात ओढलं जातं. तरीही खात असेल तर खाली बटर पेपरची पट्टी ठेवून शिवा आणि नंतर दोन्ही बाजूंनी धरून फाडून काढा. वर्तमानपत्र नको, शाई लागते. शिवताना डाव्या हाताने फुटाच्या मागे आणि उजव्याने पुढे कापड हलकं ताठ धरा. ओढायचं नाही, कापड नेण्याचं काम दात्यांचं.

झुकण्याचं दुसरं कारण

दोन्ही पुढच्या कडा एकाच दिशेने शिवा: नाकाकडून पंखाच्या टोकाकडे. दाते खालचा थर थोडा जास्त पुढे नेतात, त्यामुळे शिवण सुरू होते तिथे आणि संपते तिथे ताण सारखा नसतो. एक पंख नाकाकडून शिवला आणि दुसरा टोकाकडून, सोयीचं पडतं म्हणून बहुतेक जण असंच करतात, तर एका पंखाची कड नाकाशी घट्ट आणि दुसऱ्याची टोकाशी घट्ट होते. वाऱ्यात दोघांचा फुगवटा वेगळा, आणि पतंग एका अंगावर जातो. एका दिशेने शिवताना एका पंखाचं सगळं कापड मशीनच्या हाताच्या आतल्या बाजूला येतं. त्याची गुंडाळी करून आत घाला. पंख उलटा करून सुटका करून घेऊ नका, वरचा थर खाली जातो आणि तीच गडबड दुसऱ्या रूपाने येते.

शिवून झालं की पतंग कण्यावर दुमडून पंखावर पंख ठेवा. टोकांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर उसवा. उसवल्यावर जुन्या भोकांवर टीप मारू नका, दोन मिलिमीटर आतून नवी घ्या. जुनी भोकं नखाने घासली की थोडी मिटतात, पण ताकद परत येत नाही. काठ्याही तपासा: दोन्ही कामट्या एकाच जागी धरून सारख्याच वाकतात का? एक मऊ निघाली तर शिवणीला दोष देण्यात अर्थ नाही.

मागची कड आणि मधली शिवण

मागच्या कडेला १२ मिलिमीटर माया. एक दुमड ५ ची, दुसरी ७ ची, चिकटवून एकच टीप, ताण जितका सैल ठेवता येईल तितका. ही कड घट्ट झाली तर पंख मागून आत वळतो आणि पतंग जड झाल्यासारखा ओढतो. ही कड पुढच्या नेफ्याच्या आधी शिवायची, म्हणजे तिचं टोक पट्टीच्या आत झाकलं जातं.

मधली शिवण सगळ्यात महत्त्वाची, कारण दोन्ही पंख, पोटाखालचा त्रिकोण म्हणजे कील, आणि कणा, सगळं तिच्यावर येतं. पंखांना कण्याच्या बाजूने २२ मिलिमीटर माया ठेवा, कीलला फक्त ६. दोन्ही पंख सुलट बाजू आत करून एकावर एक, मध्ये कील, अशी की कीलची कड शिवणीच्या रेषेच्या ६ मिलिमीटर बाहेर येईल. चिकटवा. पहिली टीप पंखांच्या कडेपासून २२ मिलिमीटरवर. दुसरी तिच्या २ मिलिमीटर बाहेर, कील दोन्हींत पकडली गेली पाहिजे. तिसरी टीप पंखांच्या कडेपासून ४ मिलिमीटरवर. दुसऱ्या आणि तिसऱ्या टिपेच्या मध्ये १६ मिलिमीटरचा नेफा आपोआप तयार होतो, कणा त्यात. पाठीवर वेगळी पट्टी शिवण्याची गरज नाही आणि पंखावर एकही जास्तीचं भोक नाही. पंख उघडले की नेफा पाठीकडे आणि कील पोटाकडे येते.

ही शिवण तुमची फाटली तेव्हा ओढ एकाच टिपेवर होती, बहुतेक. दोन टिपा फार जवळ, म्हणजे मिलिमीटरभर अंतराने मारल्या तरी तोच परिणाम, दोन्हीकडची भोकं मिळून एक रेष होते. दोनच्या खाली अंतर नको.

ठिगळं

नाक, पंखांची टोकं, पट्टीतल्या फटीच्या दोन बाजू आणि कीलचं दोरा बांधायचं टोक, इथे ठिगळ लागतंच. शाळेच्या दप्तराचं जाड कापड किंवा २० मिलिमीटरची पॉलिस्टरची नवार पट्टी चालते. ठिगळ चौकोनी कापू नका, कोपरे गोल करा. पातळ कापड ठिगळाच्या कोपऱ्याशीच फाटतं, कारण ताठ आणि मऊ यांची सीमा तिथे एकदम येते. मोठ्या ओढीच्या जागी दोन ठिगळं घाला, आतलं लहान, बाहेरचं दीड सेंटिमीटरने मोठं. नवार लावायची तर ओढीच्या दिशेत लांब, आडवी नाही.

दोरा बांधायच्या टोकाला नवारीचा फास करून कीलच्या दोन्ही बाजूंनी चार सेंटिमीटर वर न्या आणि १४ नंबरच्या सुईने चौकट व आत फुली शिवा. पितळी आयलेट, म्हणजे भोकाची कडी, बसवायचा मोह होतो, पण पातळ कापडात तो दोन-तीन थरांच्या ठिगळाशिवाय निसटतो, आणि त्याच्या भोकाची कड दोरा कापते.

शिवणीच्या टोकाला उलट टीप तीन टाक्यांची, तीही ठिगळावर किंवा नेफ्याच्या पट्टीवरच. एकेरी कापडावर उलट टीप म्हणजे एकाच जागी दुप्पट भोकं. तिथे दोऱ्याची टोकं एका बाजूला ओढून गाठ मारा आणि सोल्डरिंग आयर्न गाठीजवळ क्षणभर न्या, पॉलिस्टर वितळून गोळी होते. आयर्न कापडाला लागू देऊ नका.

कामाचा क्रम असा ठेवा: ठिगळं, मागच्या कडा, पुढच्या पट्ट्या, कीलची स्वतःची कड व फास, आणि सगळ्यात शेवटी मधली शिवण. मधली शिवण झाल्यावर पतंग मशीनखाली सपाट बसत नाही, म्हणून जे काही सपाट शिवायचं ते तिच्याआधी.

फाटलेला जुना पतंग टाकू नका. मधली शिवण उसवून दोन्ही पंखांच्या फाटलेल्या कडा सारख्याच, २५ मिलिमीटर आत, गरम टोकाने कापा आणि वरच्या पद्धतीने परत जोडा. नवी माया धरून प्रत्येक पंख पाचेक सेंटिमीटरने अरुंद होईल, आडवी काठी त्या मानाने आखूड करा. पुढच्या कडा तिरक्या दुमडलेल्या आहेत, त्या उसवण्यापेक्षा दुमड कापून टाकून सरळ पट्टी लावा. दोन्ही पंखांवर सारखंच कापलं तर तोल बिघडत नाही.

पतंग उडवायच्या दोऱ्याचं एक. डेल्टाची ओढ कागदी पतंगाच्या कितीतरी पट असते, म्हणून कुणीतरी नायलॉनचा सुचवेल. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन आणि इतर सिंथेटिक मांजावर देशभर बंदी घातली आहे, आणि नाशिकला दर संक्रांतीला त्याने माणसं आणि पक्षी जखमी होतात. जाड, पीळदार, बिनकाचेचा सुती दोरा घ्या आणि येवल्याच्या आसारीवर गुंडाळा. फिरकीपेक्षा आसारीवर जोराची ओढ हाताला सोपी जाते. पेच लढवायच्या गर्दीत हा पतंग नेऊ नका, पहिल्याच घासणीत दोरा तुटेल. पहिल्यांदा उडवताना पाच मिनिटांनी खाली उतरवा आणि मधली शिवण उजेडाविरुद्ध धरून बघा. भोकं गोल दिसली तर पुन्हा सोडा. लांबट झालेली दिसली तर त्या दिवशी हलक्या वाऱ्यातच ठेवा आणि घरी येऊन त्या जागी नवारीचं ठिगळ द्या.